जॅक्सन हाइट्समधला एक बेडरूमचा को-ऑप: जाहिरातीत काय दिसतं आणि कागदांत काय वाचायचं

न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्सला घर शोधायला सुरुवात केली की साधारण अशी जाहिरात समोर येतेच: 'प्रीवॉर को-ऑप. एक बेडरूम, साडेतीन खोल्या. ऐसपैस फॉयर, मूळची ओकची पार्केट फरशी, बागेकडच्या खिडक्या. हीटिंग आणि गरम पाणी मेंटेनन्समध्ये. बोर्डाची मंजुरी आवश्यक.' किंमत मॅनहॅटनपेक्षा बरीच कमी, सात नंबरची आणि ई, एफ ट्रेन चालत गाठता येईल इतकी जवळ, आणि ७४व्या रस्त्यावर कढीपत्त्यापासून पोह्यांपर्यंत सगळं मिळतं. आपल्याकडची बरीच मंडळी हे वाचून त्याच शनिवारी घर बघायला जातात, खिडकीतून बाग दिसते आणि मन तिथेच बसतं.

माझं सांगणं एवढंच आहे की या जाहिरातीतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य शेवटचं, बोर्डाच्या म्हणजे इमारतीच्या संचालक मंडळाच्या मंजुरीचं आहे, आणि सर्वांत महत्त्वाची माहिती जाहिरातीत नसतेच. को-ऑपमध्ये, म्हणजे सहकारी मालकीच्या इमारतीत, तुम्ही खोल्यांपेक्षा इमारतीचे आर्थिक व्यवहार जास्त विकत घेता. ते कसे, हे नीट समजून घेऊ.

आधी 'प्रीवॉर' म्हणजे काय ते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, ढोबळमानाने १९०० ते १९४० या काळात बांधलेली इमारत. जाड भिंती, प्लास्टरचं काम, साधारण नऊ फुटांचं छत, दारातून आत आल्यावर एक स्वतंत्र फॉयर आणि स्वयंपाकघराला खिडकी. जॅक्सन हाइट्समध्ये अशा इमारतींची अख्खी वस्तीच आहे, कारण ती एका कंपनीने आखून वसवली. एडवर्ड मॅकडूगल यांच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने १९०९च्या सुमारास इथली शेतजमीन घेतली. त्याच वर्षी मॅनहॅटनला जोडणारा क्वीन्सबरो पूल झाला आणि १९१७ मध्ये उंचावरची रेल्वे इथे पोचली. मग ८०व्या रस्त्यावरच्या ग्रेस्टोन इमारती, लिंडेन कोर्ट, पुढे १९२०च्या दशकात ३४व्या अ‍ॅव्हेन्यूवरचे शॅटो आणि टॉवर्स नावाचे इमारतसमूह असं एकेक उभं राहिलं. इमारती रस्त्याच्या कडेने आणि मधल्या मोकळ्या जागेत बाग, अशी रचना. बाहेरून चालत गेलात तर बाग दिसतही नाही. वर्षातून एकदा जूनमध्ये काही बागा लोकांना बघायला उघडतात, तेव्हा जरूर जाऊन या.

हे फ्लॅट विकायला कंपनीने २८ ऑगस्ट १९२२ रोजी डब्ल्यूईएएफ या रेडिओ केंद्रावर वेळ विकत घेऊन भाषण प्रसारित केलं. विषय होता हॉथॉर्न कोर्ट ही इमारत. रेडिओवरची पहिली पैसे देऊन केलेली जाहिरात म्हणून तिचा उल्लेख होतो. पण याच वस्तीत ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांना कित्येक वर्षं घर दिलं जात नव्हतं, हेही इतिहासात नोंदलेलं आहे. आज हीच वस्ती जगातल्या सर्वांत मिश्र वस्त्यांपैकी एक मानली जाते. १९६५च्या कायद्याने अमेरिकेत यायची वाट मोकळी झाली आणि १९७०च्या दशकात ७४व्या रस्त्यावर भारतीय दुकानं उभी राहिली. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हा प्रश्न को-ऑपच्या पायातच आहे, म्हणून हा भाग वगळून पुढे जाववत नाही.

आता मुख्य गोष्ट. को-ऑपमध्ये फ्लॅट तुमच्या नावावर होत नाही. संपूर्ण इमारत आणि जमीन एका कंपनीच्या मालकीची असते. तुम्ही त्या कंपनीचे ठरावीक शेअर घेता, आणि त्या शेअरच्या जोरावर कंपनी तुम्हाला तुमच्या फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा देते. त्याला प्रोप्रायटरी लीज म्हणतात. म्हणजे तुम्ही एकाच वेळी कंपनीचे भागधारक असता आणि त्याच कंपनीचे भाडेकरू. व्यवहार पूर्ण होतो त्या दिवशी हातात खरेदीखत येत नाही. शेअर सर्टिफिकेट आणि हा भाडेपट्टा येतो. कर्ज घेतलं असेल तर सर्टिफिकेटही बँक स्वतःकडे ठेवून घेते.

मुंबई-पुण्याच्या माणसाला हे ऐकून सोसायटी आठवते आणि ते बरोबरच आहे. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ची, आशियातली पहिली म्हणून ओळखली जाणारी. तिथेही जमीन आणि इमारत सोसायटीची, सभासदाकडे शेअर आणि राहण्याचा हक्क, अशीच रचना होती. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमध्ये फिनलंडहून आलेल्या कामगारांनी 'आल्कू' नावाची सहकारी इमारत उभी केली. दोन्हीकडे गरज तीच होती: परक्या, महागड्या शहरात आपल्या ऐपतीचं घर. श्रीमंतांसाठीचे को-ऑप मात्र न्यू यॉर्कमध्ये त्याआधी १८८०च्या दशकापासूनच होते.

इथवर साम्य आहे. पुढे मात्र दोन वाटा फुटतात, आणि आपल्या लोकांची गफलत नेमकी इथेच होते. महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकार कायद्याप्रमाणे सोसायटीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाल्याचं मानलं जातं. प्रत्यक्षात मुंबईत कुणाला घर मिळतं आणि कुणाला मिळत नाही, याच्या वेदनादायक गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पण कायदा निदान अर्जदाराच्या बाजूने उभा आहे. न्यू यॉर्कमध्ये उलट आहे. को-ऑपचं संचालक मंडळ, म्हणजे शेजाऱ्यांमधूनच निवडून आलेला बोर्ड, तुमचा अर्ज फेटाळू शकतो आणि त्याचं कारण सांगायला तो बांधील नसतो. वंश, धर्म, मूळ देश, नागरिकत्वाची स्थिती, कुटुंबात मुलं असणं अशा कारणांवरून नकार देणं बेकायदा आहे. पण कारणच सांगायचं नसेल तर ते सिद्ध करणं फार अवघड जातं. बोर्डाने सद्हेतूने, अधिकारात राहून आणि कंपनीच्या हितासाठी निर्णय घेतला असेल तर न्यायालय सहसा त्यात पडत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये लेवांडस्की खटल्यात हे तत्त्व को-ऑपला लागू केलं.

ही व्यवस्था मला मनापासून पटत नाही. बोर्डाला अर्जदाराची आर्थिक बाजू तपासायचा हक्क असावा, कारण एकाने मेंटेनन्स थकवला तर तो बाकीच्यांना भरावा लागतो. पण कारण लेखी द्यायला काय हरकत आहे, हे मला आजवर कुणी समाधानकारक सांगितलेलं नाही.

असो. नियम आज जो आहे त्यात घर घ्यायचं तर आकडे समजलेच पाहिजेत. समजा फ्लॅटची किंमत ४,००,००० डॉलर आहे. इमारतीचे एकूण २०,००० शेअर आहेत आणि या फ्लॅटला २०० शेअर लागलेत. म्हणजे इमारतीच्या प्रत्येक खर्चाचा १ टक्का तुमचा. शेअर किती हे फ्लॅटचा आकार, मजला, खिडक्या कुठे उघडतात यावरून फार पूर्वी ठरलेलं असतं आणि ते सहसा बदलत नाही. चौरस फूट मात्र को-ऑपच्या कागदांत बहुधा नसतात. ब्रोकर सांगतो तो अंदाज असतो. म्हणून टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. 'साडेतीन खोल्या' या हिशेबात दिवाणखाना, बेडरूम आणि स्वयंपाकघर अशा तीन, आणि जेवणाचं टेबल मावेल असा कोनाडा ही अर्धी. बाथरूम खोलीत धरत नाहीत.

इमारतीचा वर्षाचा खर्च ९,६०,००० डॉलर असेल तर तुमच्या वाट्याला ९,६०० येतात, म्हणजे महिना ८०० डॉलर मेंटेनन्स. हा आकडा बघून आपल्याकडचे लोक दचकतात. पण त्यात शहराचा मालमत्ता कर, हिवाळ्यातलं हीटिंग, पाणी, इमारतीचा विमा, सुपर (इमारतीची देखभाल करणारा) आणि सफाई कामगारांचे पगार असं बरंच काही येतं. आणखी एक गोष्ट त्यात असते, जी कुणी आपण होऊन सांगत नाही. ती म्हणजे इमारतीच्या स्वतःच्या कर्जाचं व्याज.

हो, इमारतीवरही कर्ज असतं. त्याला अंडरलाइंग मॉर्टगेज म्हणतात. कंपनीने पूर्ण इमारत गहाण ठेवून ते काढलेलं असतं. छप्पर, बॉयलर, लिफ्ट अशा मोठ्या कामांसाठी, किंवा इमारत भाड्याची होती ती को-ऑप करताना. समजा हे कर्ज ४० लाख डॉलर आहे. तुमचा १ टक्का म्हणजे ४०,००० डॉलर. तेव्हा घराची खरी किंमत चार लाख नसून चार लाख चाळीस हजार आहे, असं मनाशी धरा. शेजारच्या इमारतीतला तसाच फ्लॅट ४,२०,००० ला असेल आणि त्या इमारतीवर कर्ज नसेल, तर स्वस्त तोच आहे.

पुढे बघा. ही कर्जं बहुतेकदा दहा वर्षांच्या आसपासच्या मुदतीची असतात. त्या काळात मुख्यतः व्याज भरायचं आणि शेवटी पूर्ण रक्कम उभी राहते. ती फेडायला पुन्हा नवं कर्ज घेतात. जुनं कर्ज साडेतीन टक्क्यांनी असेल तर वर्षाचं व्याज १,४०,००० डॉलर होतं. मुदत संपून नवं कर्ज साडेसहा टक्क्यांनी मिळालं तर तेच व्याज २,६०,००० वर जातं. वाढीव १,२०,००० मधले तुमचे १,२००, म्हणजे महिना १०० डॉलर. घरात काहीही बदललं नाही, पण मेंटेनन्स ८०० चा ९०० झाला. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न विचारा: इमारतीचं कर्ज किती, दर काय आणि मुदत कधी संपते? हे कंपनीच्या लेखापरीक्षित हिशेबपत्रकात, मागच्या टिपांमध्ये लिहिलेलं असतं. गेल्या दोन-तीन वर्षांची पत्रकं मागा आणि त्या टिपा स्वतः वाचा. भाषा रुक्ष असली तरी इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षक कुणालाही समजतील अशाच त्या असतात.

तिथेच राखीव निधी किती आहे हेही दिसेल. निधी तुटपुंजा असेल आणि मोठं काम निघालं तर प्रत्येकाकडून जादा वसुली होते. तिला असेसमेंट म्हणतात. विकणाऱ्याने ती भरून टाकायची की पुढचे हप्ते तुमच्या गळ्यात, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. बोर्डाच्या सभांची इतिवृत्तंही वकिलाला इमारतीच्या कचेरीत बसून वाचता येतात. गळतीच्या तक्रारी, ढेकूण, शेजाऱ्याशी चालू असलेला खटला, बॉयलरच्या कोटेशनवरची चर्चा, सगळं तिथे सापडतं. जो वकील ती वाचायला तयार नाही त्याला नेमू नका.

एक प्रकार मात्र सरळ टाळा, असं माझं मत आहे. काही को-ऑपच्या इमारतीखालची जमीन कंपनीची नसून भाड्याने घेतलेली असते. भाडेकरार संपत आला किंवा भाड्याची फेररचना झाली की मेंटेनन्स असा काही उसळतो की फ्लॅटला गिऱ्हाईक मिळत नाही. असे फ्लॅट अतिशय स्वस्त दिसतात, त्याचं कारण हेच.

बोर्ड तुमच्याकडे काय बघतो? मुख्यतः दोन गोष्टी. वरचंच उदाहरण घेऊ. बहुतेक को-ऑप निदान २० टक्के रोख मागतात, म्हणजे ८०,००० डॉलर. उरलेल्या ३,२०,००० चं कर्ज साडेसहा टक्क्यांनी तीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता साधारण २,०२३ डॉलर. मेंटेनन्स धरून महिन्याला २,८२३. बोर्डाचा नियम असेल की घराचा खर्च उत्पन्नाच्या २८ टक्क्यांपेक्षा जास्त नको, तर तुमचं वर्षाचं उत्पन्न जवळपास १,२१,००० डॉलर पाहिजे. त्यात कार किंवा शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते असतील तर बरेच बोर्ड तेही मोजतात. बँक याहून सैल असते. त्यामुळे बँकेने कर्ज मंजूर केलं आणि बोर्डाने नाकारलं, असं होऊ शकतं आणि होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे व्यवहार झाल्यावर तुमच्याकडे उरणारी रोकड. कित्येक बोर्डांना एक ते दोन वर्षांचा हप्ता आणि मेंटेनन्स भागेल इतकी रक्कम शिल्लक दिसायला हवी असते. दोन वर्षांचे म्हणजे इथे सुमारे ६८,००० डॉलर. आपल्या लोकांची अडचण इथे होते. कोथरूडचा फ्लॅट, पीपीएफ, गावाकडची जमीन, निवृत्तीच्या खात्यातले पैसे हे सगळं तुमच्या संपत्तीच्या यादीत येतं, पण हाताशी असलेली रोकड म्हणून बोर्ड ते सहसा धरत नाही. भारतातली मुदत ठेव मोडून आणायची असेल किंवा आई-बाबा मदत करणार असतील तर ते पैसे काही महिने आधीच इथल्या खात्यात येऊ द्या. सोबत भेट दिल्याचं आणि परत मागणार नसल्याचं पत्र ठेवा. आई आणि बाबा दोघंही पाठवणार असतील तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत प्रत्येकाला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. खात्यात अचानक आलेल्या प्रत्येक मोठ्या रकमेचा खुलासा बोर्डाला द्यावा लागतो.

अर्जाचं बाड चांगलं जाडजूड होतं. दोन-तीन वर्षांची करविवरणं, बँकेची स्टेटमेंट, नोकरीचं पत्र, आताच्या घरमालकाचं पत्र, ओळखीच्यांची शिफारसपत्रं. ती पत्रं मनापासून लिहिलेली असली तर फरक पडतो, म्हणून तुम्हाला खरंच ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्या. बाड पसंत पडलं तर बोर्ड मुलाखतीला बोलावतो. मुलाखत लहान असते आणि बहुतेक वेळा औपचारिक. तिथे शांतपणे, विचारलं तेवढंच बोलावं. स्वयंपाकघर पाडून नवं करायचा बेत तिथे सांगू नये. त्याची परवानगी नंतर वेगळी घ्यायची असते.

बोर्डाची ही सगळी कटकट नको असेल तर एक वाट आहे. को-ऑप करताना मूळ मालकाकडे काही न विकलेले फ्लॅट राहिले असतील तर त्यांना स्पॉन्सर युनिट म्हणतात, आणि ते घ्यायला सहसा बोर्डाची मंजुरी लागत नाही. किंमत जास्त असते, आणि एरवी विकणाऱ्याने भरायचा हस्तांतरण कर बहुतेकदा घेणाऱ्याच्या माथी मारलेला असतो. तरीही उत्पन्न चांगलं पण रोकड कमी अशांसाठी ती वाट विचारात घेण्यासारखी आहे. को-ऑपला कर्जावरचा नोंदणी कर लागत नाही, हा मात्र निखळ फायदा. काँडोमध्ये, म्हणजे जिथे फ्लॅट थेट तुमच्या नावावर होतो तिथे, ३,२०,००० च्या कर्जावर याच करापोटी साधारण ५,८०० डॉलर गेले असते.

आता पुन्हा खोल्यांकडे येऊ, कारण शंभर वर्षांच्या इमारतीत राहण्याची स्वतःची एक तऱ्हा असते. खिडकीखाली ओतीव लोखंडाचा रेडिएटर असतो. तळघरातल्या बॉयलरची वाफ नळीतून वर येते, रेडिएटरमध्ये थंड होऊन तिचं पाणी होतं, आणि बऱ्याच जुन्या इमारतींत ते त्याच एका नळीतून खाली परततं. रेडिएटर जुना होऊन किंवा फरशी खचून उलट्या बाजूला कलला की पाणी आत अडकतं. वाफ त्या पाण्याला ढकलते आणि पहाटे पाइपवर कुणी हातोडा मारतंय असा आवाज येतो. उपाय बहुतेकदा साधा असतो: रेडिएटरच्या दूरच्या पायांखाली पातळ पट्ट्या सारून तो नळीच्या बाजूला थोडा उतरता करायचा. अशा एकनळी रेडिएटरचा मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवायचा असतो. खोली तापते म्हणून तो अर्धवट बंद केला तर पाणी तुंबतं आणि आवाज वाढतो. घर बघायला हिवाळ्यात गेलात तर रेडिएटरजवळ थोडा वेळ उभे राहा आणि ऐका. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी सहा ते रात्री दहा, बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात निदान ६८ अंश ठेवणं इमारतीवर बंधनकारक आहे. पण या व्यवस्थेत कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचीच तक्रार अधिक. जानेवारीत खिडकी उघडी ठेवून झोपणारे लोक इथे घरोघरी भेटतील.

स्वयंपाकघरात वर बघा. धूर बाहेर नेणारी नळी बहुधा नसते, खिडकी असते. फोडणीच्या घरांसाठी ती खिडकी फार मोलाची आहे. ती अडवून कपाट केलेलं असेल तर भाव करताना ते लक्षात ठेवा. शहराच्या नियमाप्रमाणे इमारतीतल्या गॅसच्या नळ्यांची दर चार वर्षांनी तपासणी होते. गळती सापडली तर अख्ख्या इमारतीचा गॅस बंद होऊ शकतो आणि तो परत सुरू व्हायला महिने लागू शकतात. मागची तपासणी कधी झाली आणि काय निघालं, हे विचारायला संकोच करू नका.

घरात कपडे धुण्याचं यंत्र ठेवायला बहुतेक जुन्या को-ऑपमध्ये मनाई असते, कारण सांडपाण्याच्या नळ्यांना तो भार सोसत नाही. धुणं तळघरात. बाथरूम सरकवून खालच्याच्या बेडरूमवर आणता येत नाही. ओली जागा कोरड्या जागेवर नको, असा नियम असतो आणि तो रास्त आहे. फरशीच्या बऱ्याच भागावर गालिचा घालायची अटही घरनियमांत सापडते. भिंतींच्या रंगाच्या जुन्या थरांमध्ये शिसं असू शकतं, कारण शहराने घरातल्या शिसेयुक्त रंगावर बंदी आणली ती १९६० मध्ये. लहान मूल असेल, रांगतं किंवा खिडकीशी खेळणारं, तर खिडकीच्या चौकटी आणि दारांच्या कडा तपासून घ्याच. याबाबत कुणी 'इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही' म्हटलं तर ऐकू नका.

जॅक्सन हाइट्सचा मधला भाग १९९३ पासून ऐतिहासिक क्षेत्र आहे. खिडक्या बदलायच्या, बाहेरून दिसेल असं काही करायचं, तर शहराच्या वारसा आयोगाची परवानगी लागते. वस्तीचं रूप टिकलंय ते यामुळेच, पण खर्च भागधारकांना येतो. त्यात लोकल लॉ ९७ हा शहराचा २०१९चा कायदा आला. २५,००० चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींना कार्बन उत्सर्जनाची मर्यादा २०२४ पासून लागू झाली आणि २०३० पासून ती आणखी कडक होते. मर्यादेपलीकडच्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड. जुन्या बॉयलरच्या इमारतींपुढचं हे सर्वांत मोठं काम आहे. बोर्डाने त्याची तयारी केली आहे का, अभियंत्याचा अहवाल घेतला आहे का, हे इतिवृत्तांत दिसायला हवं. त्याविषयी एक ओळही नसेल तर पुढची असेसमेंट ठरलेलीच आहे, असं समजा.

गुंतवणूक म्हणून घेऊन भाड्याने द्यायचा विचार असेल तर को-ऑप तुमच्यासाठी नाही. आधी काही वर्षं स्वतः राहा, मग पाचातली दोन वर्षं भाड्याने द्या, तीही बोर्डाच्या संमतीने, असे नियम सर्रास आढळतात. काही ठिकाणी पूर्ण बंदीच. पोरांना सांभाळायला आई-बाबा सहा महिने आले तर मात्र घाबरायचं कारण नाही. तुम्ही स्वतः तिथे राहत असताना जवळच्या कुटुंबीयांना सोबत ठेवण्याचा हक्क राज्याचा कायदा देतो.

विकताना हीच मंजुरी तुमच्या गिऱ्हाइकाला लागेल. बोर्डाने त्याला नाकारलं तर तुमचा व्यवहार फिसकटतो आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता. काही बोर्ड भाव कमी पडू नये म्हणून स्वस्तात होणारी विक्रीही अडवतात. शिवाय अनेक इमारती विक्रीवर फ्लिप टॅक्स घेतात. नाव टॅक्स असलं तरी तो सरकारकडे जात नाही, इमारतीच्या निधीत जातो. किती आणि कोणी द्यायचा हे इमारतीगणिक वेगळं असतं, म्हणून घेतानाच बघून ठेवा.

शेवटी एक गोष्ट आपल्या कुटुंबांसाठी मुद्दाम. काही वेळा पुण्या-मुंबईत राहणारे आई-वडील फ्लॅट स्वतःच्या नावावर घेऊ म्हणतात. बरेच को-ऑप ते मान्यच करत नाहीत, कारण त्यांना राहणारा मालक हवा असतो. मान्य केलं तरी सावध राहा. को-ऑपचे शेअर ही अमेरिकन कंपनीतली मालमत्ता ठरते. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या आणि तिथे कायम न राहणाऱ्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर अशा मालमत्तेवर वारसा कर लागतो आणि त्यातून सूट फक्त ६०,००० डॉलरची मिळते. भारत आणि अमेरिका यांच्यात या करासंबंधी करार नाही. त्याउपर मुलाला किंवा मुलीला तिथे राहायचं असेल तर शेअर वारशाने मिळूनही प्रोप्रायटरी लीजप्रमाणे बोर्डाची संमती लागू शकते. सोसायटीत नॉमिनेशनचा फॉर्म भरून ठेवायची आपल्याला सवय आहे, पण त्या फॉर्मने इथलं काम भागत नाही. न्यू यॉर्कच्या कायद्याप्रमाणे केलेलं मृत्युपत्र आणि करसल्लागाराशी बोलून ठरवलेलं मालकीचं नाव, या दोन गोष्टी करारावर सही करायच्या आधीच उरकून घ्या.